सुई निरुपद्रवी, पण कोणाला?

वैद्यकशास्त्राच्या व्यवहारात अलीकडे एका शब्दाचे फार कौतुक होते. तो शब्द म्हणजे 'निरुपद्रवी'. गर्भवतीच्या दंडातून सुमारे दहा मिलिलिटर रक्त घ्यावे, ते एका कुपीत भरून प्रयोगशाळेकडे रवाना करावे, आणि गर्भाशय, गर्भजल वा वार यांना यत्किंचितही धक्का न लावता उदरातील बाळाविषयी पुष्कळ काही जाणून घ्यावे, अशी ही सोय आहे. पूर्वीच्या तपासण्यांत पोटात लांब सुई खुपसावी लागे, क्वचित गर्भपातही ओढवे. आता तो धोका उरलेला नाही. आईला इजा नाही, बाळाला इजा नाही, मग या तपासणीला कोणी आक्षेप का घ्यावा, असा प्रश्न आमच्या धर्मग्रामातील एका सुशिक्षित गृहस्थांनी आम्हांला विचारला. प्रश्न प्रामाणिक होता. परंतु सुई कोणाला टोचते एवढ्यावरच ती कोणाला मारते हे ठरत नाही, आणि म्हणून या शब्दाची थोडी उलटतपासणी करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

आम्ही धर्मगुरू आहोत, डॉक्टर नव्हे. तेव्हा शास्त्र जेवढे नीट समजून घेतले तेवढेच सांगतो. १९९७ साली डेनिस लो या संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की, गर्भवतीच्या रक्तद्रवात बाळाच्या डीएनएचे सूक्ष्म तुकडे तरंगत असतात. हे तुकडे मुख्यतः वारेतून येतात. दहाव्या आठवड्याच्या सुमारास आईच्या रक्तद्रवातील मोकळ्या डीएनएपैकी साधारण दहावा हिस्सा बाळाकडचा असतो. प्रसूतीनंतर काही तासांत तो नाहीसा होतो. आईच्या स्वतःच्या पेशींत वाय गुणसूत्र नसते. म्हणून तिच्या रक्तात वाय गुणसूत्राचा अंश सापडला तर उदरात मुलगा आहे, असे अनुमान निघते. २०११ पासून याच तत्त्वावर डाऊन सिंड्रोमसारख्या विकारांची चाचणी अनेक देशांत सुरू झाली. आपल्याकडेही मोठ्या शहरांतून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती होते. अहवालात लिंग कळवावयाचे नाही, असा कायदा आहे.

आता वाचकांनी एका गोष्टीकडे बारकाईने पाहावे. मुलगा असेल तर त्याचा अंश सापडतो. मुलगी असेल तर काय सापडते? या साध्या चाचणीत काहीच सापडत नाही. 'मुलगी आहे' हा निष्कर्ष 'मुलाचा पुरावा मिळाला नाही' एवढ्यावर उभा असतो. फार लवकर, म्हणजे सातव्या आठवड्यापूर्वी रक्त घेतले, तर त्यातील बाळाचा अंश इतका अल्प असतो की मुलगा असूनही तो दिसत नाही. उलट, तपासणाऱ्या पुरुषाच्या किंवा घरातील कोणा पुरुषाच्या त्वचेचा कण कुपीत पडला तरी नसलेला मुलगा दिसू शकतो. २०११ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकाने अशा ५७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यातही सात आठवड्यांपूर्वीचे निकाल भरवशाचे नसल्याचे दिसले. जगातल्या कोणत्याही न्यायालयात पुराव्याच्या अभावी आरोपी सुटतो. येथे मात्र पुराव्याच्या अभावीच शिक्षा सुनावली जाते, आणि तीही अशा जिवाला की ज्याच्या शरीरावर त्या वेळी मुलगा-मुलगी हा भेद डोळ्यांना दिसण्याजोगा उमटलेलाही नसतो.

या सुईला एक पूर्वेतिहास आहे, आणि तो आपल्या महाराष्ट्राचा आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यास गर्भजलपरीक्षा आपल्या देशात आली ती विकार शोधण्यासाठी. थोड्याच वर्षांत खासगी दवाखान्यांनी तिचा धंदा केला. आज काहीशे रुपये खर्च करा आणि उद्याचे हुंड्याचे हजारो रुपये वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती त्या काळी उघडउघड लागत. मुंबईतील एका पाहणीचा आकडा तेव्हा सर्वतोमुखी झाला होता: ८००० गर्भपातांपैकी ७९९९ मुलींचे. १९८० च्या दशकाच्या मध्यास मुंबईत स्त्रिया, डॉक्टर आणि कार्यकर्ते यांनी एकत्र येऊन गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध मंच उभारला, आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली संमत झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. तोही बराच काळ कागदावरच राहिला. अखेर २००० साली 'सेहत', पुण्याची 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज यांना सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, तेव्हा कोठे सरकारे हलली. २००३ साली सुधारित कायदा लागू झाला व गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने नोंदवली पाहिजे. या लढ्याच्या अग्रभागी जे होते त्यांच्यापैकी पुष्कळांचे व ख्रिस्तसभेचे गर्भपाताविषयी मुळीच एकमत नाही. त्यांचा आक्षेप निवडीला होता. आमचा आक्षेप त्याही आधी सुरू होतो. तथापि ज्यांनी मोर्चे काढले, धमक्या सोसल्या, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांच्याविषयी कृतज्ञता बाळगण्यास मतैक्याची अट नसते.

आता काळाचा हिशेब मांडू या. गर्भजलपरीक्षा होई ती सोळाव्या आठवड्याच्या सुमारास, आणि निकाल येण्यास आणखी दोन-तीन आठवडे लागत. तोवर आईला बाळाची हालचाल जाणवू लागलेली असे. शेजारपाजारला ठाऊक झालेले असे, माहेरी निरोप गेलेला असे. त्यानंतर जे घडे ते मोठ्या दवाखान्यात, चार माणसांच्या देखत. वारेचा तुकडा काढून करावयाच्या परीक्षेने ही मुदत दहा-बारा आठवड्यांवर आणली. सोनोग्राफीने सुई काढून टाकली. आता रक्तपरीक्षेने यंत्रही काढून टाकले आणि मुदत सात ते दहा आठवड्यांवर आली. दुसरीकडे, गर्भपाताच्या गोळ्यांना आपल्या देशात २००२ साली मान्यता मिळाली, आणि त्या नवव्या आठवड्यापर्यंत देण्याची प्रथा आहे. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. ज्या आठवड्यात मुलगी असल्याचे कळू शकते, त्याच आठवड्यात तिला नाहीशी करण्याचा मार्ग घरातल्या घरात मोकळा असतो. पोट दिसू लागलेले नसते. शेजारणीने अजून विचारलेले नसते. 'सुंठीवाचून खोकला गेला' म्हणून घरातली वडीलधारी मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. ज्याला आपण निरुपद्रवी म्हणतो तो गुण येथे नेमका कोणाच्या कामी आला? बाळाच्या तर नाहीच. आईच्याही नाही, तिला पूर्वी सासरच्यांना थोपवण्यासाठी जे चार महिने मिळत, माहेरची माणसे धावून येण्यास जो वेळ मिळे, तो गेला. उपद्रव टळला तो फक्त निर्णय घेणाऱ्यांचा.

कायद्याचे काय, असे कोणी विचारील. कायदा चांगला आहे. त्याच्या व्याख्येत गर्भवतीच्या रक्ताची तपासणी स्पष्ट शब्दांत समाविष्ट आहे, तेव्हा 'हे सोनोग्राफीत बसत नाही' ही पळवाट खोटी आहे. लिंग शब्दांनी, खुणेने वा अन्य कोणत्याही रीतीने सांगणे गुन्हा आहे. सांगणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि मागणाऱ्यालाही आहे. बाईवर नवऱ्याने किंवा नातलगांनी सक्ती केली असावी, असेच हा कायदा गृहीत धरतो, आणि तसे धरण्यात मोठे शहाणपण आहे. परंतु या कायद्याची सारी अंमलबजावणी यंत्राभोवती उभी आहे. सोनोग्राफी यंत्राची नोंदणी, एफ फॉर्म, यंत्राला सील, भिंतीवरची सक्तीची पाटी. कोल्हापूरला जिल्हाधिकारी असताना लक्ष्मीकांत देशमुख यांनी प्रत्येक यंत्राला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' जोडण्याचा उपक्रम केला. या विषयावर कथा लिहिणारा लेखक आणि अंमल करणारा अधिकारी एकाच व्यक्तीत भेटावा, हे दुर्मिळच. तोही उपक्रम यंत्रासाठी होता. रक्ताच्या कुपीला कोणते यंत्र जोडणार? विशिष्ट कुपीत ते रक्त काही दिवस टिकते. चीनमध्ये लिंगनिदानास बंदी असताना तेथील गर्भवतींच्या रक्ताच्या कुप्या चोरून हाँगकाँगच्या प्रयोगशाळांत नेल्या जात असल्याचे अनेकदा उघडकीस आले आहे. काही पाश्चात्त्य देशांत तर बोटातून चार थेंब घेऊन घरबसल्या बाळाचे लिंग जाणून घेण्याचे संच राजरोस विकले जातात. तेथे केक कापून गुलाबी की निळा, असा समारंभ होतो. आमच्या भाविकांची मुले-मुली आज त्याच देशांत नोकरीला आहेत. त्यांच्याकडून येथे काय येते आणि येथून तिकडे काय जाते, याची चौकशी कोण करणार?

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. हा लेख लिहिण्याची निकड आम्हांला का वाटली ते सांगतो.

आमच्या नाशिकच्या ख्रिस्ती समाजात परिचारिका नाही असे घर विरळा. आपल्या मुलींनी रुग्णसेवेची जी परंपरा उभी केली तिचा आम्हांला सार्थ अभिमान आहे. अशीच एक परिचारिका मिस्सा झाल्यावर आमच्याकडे आली. ओळखीच्या एका कुटुंबाने तिला घरी येऊन सुनेचे रक्त काढून देण्याची विनंती केली होती. पुढची व्यवस्था ते पाहणार होते. मोबदला तिच्या पंधरा दिवसांच्या पगाराएवढा होता. तिचा प्रश्न सरळ होता. "फादर, रक्त तर मी रोज काढते. नुसतं रक्त काढण्यात पाप आहे का?"

सेमिनरीत आम्हांला नीतिशास्त्राचे पाठ देताना सहकार्याचे दोन प्रकार शिकवले जात: दुसऱ्याच्या दुष्कृत्याचा हेतू आपलासा करून केलेले सहकार्य, आणि हेतू मान्य नसताना केवळ कृतीने झालेले सहकार्य. दुसऱ्या प्रकारातही ती कृती दुष्कृत्याच्या किती निकट आहे हे पाहावे लागते. हे सारे तिला सांगत बसण्याऐवजी आम्ही एवढेच विचारले, "कुपीवर नाव कुणाचं लिहायला सांगितलंय?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझंच लिही म्हणाले."

तिने ते काम केले नाही. त्या कुटुंबाशी असलेला तिचा घरोबा संपला, एवढे आम्हांला ठाऊक आहे. त्या सुनेचे पुढे काय झाले हे तिलाही कळले नाही, आम्हांलाही नाही.

निर्गमाच्या ग्रंथात शिफ्रा व पुवा या दोन सुइणींची हकीकत आहे. फारो राजाने त्यांना आज्ञा केली होती की इब्री स्त्रियांची प्रसूती करताना मुलगा दिसला तर त्याला मारावे, मुलगी असेल तर जगू द्यावे. लिंग पाहून जीव घेण्याचा जगातील हा जुन्यात जुना शासकीय आदेश म्हणावा लागेल. फक्त त्यात बळी मुलग्यांचा होता. त्या सुइणी परमेश्वराला भिणाऱ्या होत्या. त्यांनी राजाला तोंडावर नकार दिला नाही. इब्री बायका सुईण पोहोचण्यापूर्वीच बाळंत होतात, असे उत्तर देऊन त्या मोकळ्या झाल्या. पवित्र शास्त्राने त्या फारोचे नाव नोंदवलेले नाही, या दोघींचे मात्र नोंदवले आहे. आमच्या परिचारिका भगिनींनी या दोन नावांची आठवण ठेवावी. कोणतीही प्रयोगशाळा, कोणताही दलाल, कोणतेही श्रीमंत कुटुंब त्यांच्या हाताशिवाय हा उद्योग चालवू शकत नाही.

मग ही तपासणीच वाईट आहे काय? मुळीच नाही, आणि येथे आमच्याच काही उत्साही प्रवचनकारांशी आमचा मतभेद आहे. हिमोफिलिया किंवा स्नायू क्षीण करणारा ड्युशेन विकार ज्या घराण्यात आहे, तेथे हे विकार बहुधा मुलग्यांत प्रकटतात. अशा मातेच्या उदरात मुलगी आहे असे रक्तावरून कळले तर पुढची पोटात सुई खुपसण्याची तपासणी टळते. मुलगा आहे असे कळले तर प्रसूतीच्या वेळी चिमटा वा ओढयंत्र टाळून त्याला रक्तस्रावापासून जपता येते. आरएच निगेटिव्ह मातेच्या बाळाचा रक्तगट याच रीतीने कळतो. बाळाला जपण्यासाठी केलेल्या गर्भनिदानास ख्रिस्तसभेने कधी मज्जाव केलेला नाही. श्रद्धासिद्धान्त मंडळाने १९८७ साली आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ च्या जीवनविषयक विश्वपत्रात ही भूमिका स्पष्ट केली आहे. गर्भपाताचा बेत मनात धरून केलेले निदान तेवढे निषिद्ध ठरवले आहे. मात्र विकारग्रस्त मुलगा कळला म्हणून त्याला नाकारणे आणि निरोगी मुलगी कळली म्हणून तिला नाकारणे, यांत आम्ही फरक करू शकत नाही. हे कित्येकांना कठोर वाटेल याची आम्हांला जाणीव आहे.

दुसरीकडून एक सूचना येते. ती वरकरणी शहाणपणाची दिसते. २०१६ साली तेव्हाच्या केंद्रीय महिला व बालविकास मंत्री मेनका गांधी यांनी असे सुचवले होते की, बंदी उठवावी, प्रत्येक गर्भाचे लिंग सुरुवातीसच तपासून नोंदवावे आणि मग मुलीच्या गर्भावर सरकारने लक्ष ठेवावे. डॉक्टरांच्या संघटनांतूनही या मताला पाठिंबा मिळाला. सोनोग्राफीवाल्यांच्या कागदी जाचाविषयी आम्हांला सहानुभूती आहे. फॉर्ममधील किरकोळ चुकीपायी यंत्राला सील लागते आणि खरा गुन्हेगार मोकळा फिरतो, ही त्यांची तक्रार निराधार नाही. पण या सूचनेचा अर्थ काय होतो? आज जी माहिती चोरून, पैसे मोजून मिळवावी लागते ती सरकारनेच घरोघर पोहोचवावी, आणि नंतर पहारा द्यावा! पहिल्या तीन महिन्यांत नैसर्गिक गर्भपात होणे ही सामान्य गोष्ट आहे. दर दहा गर्भधारणांपैकी एखाददुसरी अशी जाते. गोळीने झालेला आणि आपोआप झालेला गर्भपात वरून सारखाच दिसतो. म्हणजे उद्या बाळ गमावून रडणाऱ्या प्रत्येक आईच्या दाराशी अंगणवाडीसेविका किंवा पोलीस चौकशीला उभे राहणार. अपराध दिवाणखान्यात ठरवला जातो आणि जाब स्वयंपाकघरात विचारला जातो, ही आपली जुनीच रीत आहे. तिला सरकारी शिक्का कशाला?

आता आपल्या घरात डोकावू. 'फादर, हे सारे त्यांच्यात; आपल्यात नाही,' हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की ते आता आम्हांला पाठ झाले आहे. त्याला आधार म्हणून जनगणना दाखवली जाते. २००१ साली देशातील ख्रिस्ती समाजात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ९६४ मुली होत्या. २०११ साली ९५८. इतर मोठ्या समाजांहून हे प्रमाण चांगले आहे यात शंका नाही. परंतु हा आकडा केरळचा आहे, ईशान्येच्या डोंगरी राज्यांचा आहे. तो नाशिक, निफाड किंवा श्रीरामपूरच्या कोणा कुटुंबाला दिलेला चारित्र्याचा दाखला नव्हे. ज्या महाराष्ट्रात आपण राहतो तेथे हे प्रमाण १९९१ साली ९४६ होते, २००१ साली ९१३ झाले, २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात ते आठशेच्या घरात उतरले होते. २०१२ साली परळीत आणि २०१७ साली मिरज तालुक्यातील म्हैसाळला काय उघडकीस आले हे वाचकांच्या स्मरणात असेल. म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण पुरलेले सापडले. हवा एकच असते, आणि तिच्यात श्वास घेणाऱ्याचा धर्म ती विचारत नाही.

मुलगा झाला की आपल्या घरांतून पेढे येतात आणि मुलगी झाली की बर्फी. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत दोघांच्या ओळी सारख्याच लांबीच्या असतात, जेवणाच्या पंक्ती मात्र नसतात. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला दूरदूरहून भाविक येतात. मुलगा व्हावा म्हणून बोललेले नवस आमच्या कानी येतात. मुलगा हवासा वाटणे हे पाप नव्हे, आणि तसे आम्ही कधी म्हटलेले नाही. पण तिसऱ्या मुलीनंतर यात्रेला आलेल्या सुनेच्या पाठीशी उभी राहून सासू जेव्हा प्रार्थना करते, तेव्हा ती प्रार्थना असते की ताकीद, हे त्या सुनेलाच विचारावे.

त्याहून कटू गोष्ट जमिनीची आहे. ख्रिस्ती माणसाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. त्यात मृत्युपत्राविना मागे राहिलेल्या मालमत्तेत मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा आहे. आपल्या हिंदू भगिनींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क मिळवण्यासाठी महाराष्ट्रात १९९४ सालापर्यंत, आणि देशभरात २००५ सालापर्यंत वाट पाहावी लागली. आपल्याला तो फार पूर्वीच मिळालेला आहे. पण वडिलांच्या चाळिसाव्या दिवसाची मिस्सा होते न होते तोच बहिणींना तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेणारे भाऊ आमच्याच बाकांवर बसतात. द्राक्षबागेचा भाव चढला की ही घाई अधिक वाढते. ज्या घरात जन्मलेल्या मुलीला वाट्यातून वगळणे हा शिष्टाचार मानला जातो, त्या घरात न जन्मलेलीला जगातूनच वगळण्याचा विचार फार दूरून यावा लागत नाही.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले तेव्हा त्यांनी कोणत्याही बाईला ती विधवा कशी गरोदर राहिली हे विचारले नाही. बाळंत हो, मूल येथे ठेव, एवढेच सांगितले. आपल्या धर्मभगिनींच्या अनाथाश्रमांचा पाळणाही तोच संदेश देत आला आहे. दूतसंदेशानंतर पवित्र मरिया त्वरेने डोंगराळ प्रदेशात एलिझाबेथकडे गेली, तेव्हा तिच्या उदरातील प्रभू काही दिवसांचाच होता. कोणत्याही सुईला, कोणत्याही कुपीला तो तेव्हा सापडला नसता. एलिझाबेथच्या पोटातील सहा महिन्यांच्या योहानाने मात्र त्याला ओळखले व हर्षाने उडी मारली, असे संत लूक सांगतात.

धर्मग्राम परिषदेपुढे आम्ही दोन गोष्टी ठेवल्या आहेत. पहिली, आमच्या विभागातील परिचारिका, प्रयोगशाळा-तंत्रज्ञ आणि औषधविक्रीच्या दुकानांत काम करणारे तरुण यांची आगमनकाळापूर्वी एक बैठक घ्यावी, आणि कोणी असे काम नाकारल्यामुळे अडचणीत आला तर वकिलाचा खर्च धर्मग्रामाने करावा. दुसरी, विवाहपूर्व शिबिरात या विषयाला पूर्ण एक तास द्यावा. त्यात रक्ताच्या कुपीबरोबर हक्कसोडपत्राचाही विचार व्हावा. शिबिराला येणाऱ्या जोडप्यांनी त्या तासापुरते आपल्या आईवडिलांनाही बरोबर आणावे, अशी आमची विनंती आहे. वराकडच्यांनी तर अवश्य.